मंगळवारचं नाव

माझ्या वडिलांचं नाव उकर्डा होतं. आज मी हे सहज लिहून टाकलं, पण वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत मला ते ठाऊक नव्हतं. शाळेत मी ज्योत्स्ना उत्तम इंगळे होते. चाळीत बाबांना सगळे इंगळेभाऊ म्हणत आणि कारखान्यात इंगळेबाबू. गावाकडे, बुलढाण्याच्या बाजूला, आम्ही फार क्वचित जायचो, आणि तिथे ते लहानथोर सगळ्यांचे बापू होते. खरं नाव फक्त त्यांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि म्हणून कारखान्याच्या कागदांवर होतं. तिथेही सही करताना ते इंग्रजीत यू. एम. इंगळे असं करत, आणि त्या 'यू'ची शेपटी इतकी लांब ओढत की तिच्याखाली बाकीचं सगळं झाकलं जाई. माय तर नवऱ्याचं नाव घेणाऱ्यांतली नव्हतीच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारणींनी फारच धरलं तर ती 'इंगळेरावांचं नाव घेते' असं म्हणून सुटका करून घेई. आडनाव चालणार नाही, नाव घ्या, असा आरडाओरडा होई; ती पदर तोंडाशी धरून हसे आणि तिळगुळाची परात पुढे सरकवी. मला वाटायचं, लाजते.

आमचं बिऱ्हाड बोईसरजवळ सालवडला होतं. एका ओळीत बारा खोल्या, पुढे सिमेंटची अरुंद पडवी आणि टोकाला सगळ्यांत मिळून दोन नळ. पलीकडे औद्योगिक वसाहतीच्या चिमण्या दिसत, आणि वारा कोणत्या बाजूचा आहे त्याप्रमाणे कधी रसायनांचा, तर कधी ताज्या रंगवलेल्या कापडाचा वास घरात येई. पाळी बदलल्याचा भोंगा दिवसातून तीनदा वाजे. मायचा कुकर, शेजारच्या काकूंची झोप, नळावरची रांग, सगळं त्या भोंग्यावर चाले. बाबा एका कापड कारखान्यात फाटकावर टाइमकीपर होते. येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांची हजेरी लिहिणं हे त्यांचं काम. म्हणजे दिवसभर ते लोकांची नावं लिहीत, आणि त्यांच्याइतकी नावांची पारख मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. जेवताना ते त्या दिवशीचं एखादं नाव सांगत. एका लेथवाल्याने पोराचं नाव बोनस ठेवलं होतं, कारण ज्या दिवशी तो जन्मला त्याच दिवशी फलकावर बोनसची नोटीस लागली होती. शाळेच्या मास्तरांनी त्याचं बोधन करून टाकलं. माझ्या सख्ख्या मावशीचं नाव चिंता होतं आणि तिच्या नवऱ्याचं सुखदेव. बाबा म्हणत, अशी जोडी हजेरीपुस्तकात शोधून सापडायची नाही. आम्ही हसायचो. ते स्वतः हसत नसत. नाव सांगून झालं की ताटातली भाकरी मोडत आणि म्हणत, "नाव ठेवताना मानसानं इचार करावा. नाव जन्मभर वागवा लागते."

आता आठवतं तेव्हा वाटतं, ते आम्हाला दुसऱ्यांची नावं सांगत होते ते स्वतःचं सांगायला लागू नये म्हणून. पण हे आताचं शहाणपण. तेव्हा मला एवढंच कळत होतं की बाबांना नावांचं वेड आहे, आणि माझ्या बाबतीत त्यांचं आणि मायचं कधी तरी काही तरी बिनसलं होतं, कारण मला दोन नावं होती. एक रोजचं आणि एक मंगळवारचं.

मंगळवारी कवडीबाय यायची. तारापूरच्या बाजूच्या एका कोळीवस्तीतून ती सकाळच्या एसटीने बोईसरला उतरे आणि डोक्यावर पाटी घेऊन चाळी-चाळीतून सुकी मासळी विकत सालवडपर्यंत येई. बांध्याने ठेंगणी, काळीभोर, गुडघ्यापर्यंत कासोटा घातलेलं लुगडं आणि आवाज असा की पहिल्या खोलीशी बोलली तरी बाराव्या खोलीत ऐकू जावं. आमच्या दारात आली की ती पाटी उतरवायच्या आधी हाक मारी, "कवडे, ए कवडे, पाणी आन गो." आणि मी तांब्या घेऊन धावायची. घटाघटा पाणी पिऊन झालं की ती माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवायची, डोळे बघायची, दंड चाचपायची, जशी बाजारात काही तरी पारखून घ्यावी तशी. मग मायला म्हणायची, "बरी हाय माजी पोर. जरा कमी खातेय." माय म्हणायची, "तूच सांग आता तिले." त्या अर्ध्या तासात घरात मला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारायची नाही असा मायचा सक्त दंडक होता. कवडीबायची पाठ वळली की मी पुन्हा ज्योत्स्ना.

लहानपणी मला यात काहीच वावगं वाटलं नाही. मंगळवारी बोंबील असतात, मंगळवारी मी कवडी असते. माय मूळची ज्वारीची भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी यावर वाढलेली. समुद्र तिने लग्नानंतर पाहिला. सुका बोंबील तव्यावर कोरडा भाजून, ठेचून, त्यात लसूण आणि तिखट घालून ती जे करायची ते ना धड कोळ्यांचं होतं ना धड वऱ्हाडी. कवडीबायने एकदा पाटीशेजारी बसून तो खाल्ला आणि म्हणाली, "असा आमी नाय करत. पन चांगला लागतेय." तेवढ्यावर माय आठवडाभर खूश होती. बाबा घरी असले तर मात्र मंगळवारी ते उगाचच नळाकडे जात नाहीतर पेपर उघडून बसत. कवडीबायला ते कधी तिच्या नावाने हाक मारत नसत. मायशी बोलताना ते 'तुही मासळीवाली' म्हणत.

हे मंगळवारचं नाव कुठून आलं, ती गोष्ट मला मायने तुकड्यातुकड्याने सांगितली. माझ्याआधी तिची दोन बाळं गेली होती. दोन्ही मुलगे, दोन्ही महिन्याच्या आत. तिसऱ्या खेपेला ती घाबरून गावी गेली नाही. तिथे गेलं की मूल राहत नाही असं तिच्या मनाने घेतलं होतं. आणि एका दुपारी, दिवस भरायच्या बरंच आधी, बाबा कामावर आणि चाळीतल्या बायका रेशनच्या रांगेत असताना, तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. त्या वेळी दारात होती ती फक्त मासळीवाली. तिने पाटी पडवीत ठेवली, हात धुतले आणि दार लावून घेतलं. मी जन्मले तेव्हा रडले नाही. माय म्हणायची, तू निळी होती, वांग्यावानी. कवडीबायने मला पायाला धरून उलटं केलं, पाठीवर मारलं, तोंडात बोट घालून काय असेल ते काढलं, पुन्हा मारलं. मायने डोळे मिटून घेतले होते. मग माझा आवाज आला.

त्यानंतर कवडीबायने मायला आपल्या नावाची हकीकत सांगितली. तिच्याही आईची पोरं जगत नव्हती. म्हणून ही जन्मल्याबरोबर आईने तिला शेजारणीला एका कवडीला विकलं आणि शेजारणीने तिला पुन्हा सांभाळायला आईकडेच दिलं. मरण दारात आलं तर त्याला सांगायला बरं, की या घरात मूल नाही, जे आहे ते दुसऱ्याचं आहे, आणि तेही कवडीमोलाचं. "मना काय झाला नाय," कवडीबाय म्हणाली. "पन्नासाला आली मी. हिलाबी माजाच नाव दे. जगंल." आणि तिने उठून पाटीतली मूठभर सुकट मायच्या ओटीत घातली, मला उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "आता ही माजी झाली. तुला ठेवाला देते." माय म्हणाली, हो. तिने शब्द दिला. त्या वेळी तिने काहीही कबूल केलं असतं, पण माय तशी शब्द विसरणारी बाई नव्हती.

संध्याकाळी बाबा आले, त्यांनी मुलगी पाहिली, जगली आहे हे पाहिलं आणि नाव ऐकलं. माय सांगते की ते कधी तिच्यावर ओरडले नव्हते, त्या दिवशी ओरडले. "या घरात असं नाव पुन्हा नाही म्हंजे नाही," ते म्हणाले. 'पुन्हा' हा शब्द मायने सांगितला तेव्हा मला खटकायला हवा होता. खटकला नाही. बाराव्या दिवशी त्यांनी मॅनेजरसाहेबांच्या बायकोचं नाव माझ्यासाठी आणलं. ज्योत्स्ना. अख्ख्या चाळीत ते कुणाला नीट म्हणता येत नव्हतं, आणि पहिलीच्या बाईंनी ते माझ्या पाटीवर चुकीचं लिहून दिलं होतं. मायने वाद घातला नाही. तिने फक्त मंगळवार स्वतःकडे ठेवला. रोज मात्र ती मला नुसतं 'बाई' म्हणे. दोन्ही नावं टाळायची तिची ती रीत असावी.

परवा पालघरजवळ कोळगावच्या सरकारी कचेरीत एका दाखल्यासाठी बसले होते तेव्हा शेजारच्या बाकावर एक तरुण जोडपं बाळाच्या नावावरून हळू आवाजात भांडत होतं. त्याने मोबाईलमधून शोधून काढलेलं नाव तिला उच्चारता येत नव्हतं आणि त्याचा अर्थ त्याला सांगता येत नव्हता. बाळ गुटगुटीत होतं, त्याच्या जगण्या-मरण्याचा प्रश्नच नव्हता. मला त्यांचा हेवा वाटला असं म्हणणं खोटं ठरेल. पण मी बराच वेळ बघत बसले होते, हे खरं.

मी नववीत गेले तोवर मंगळवारचं नाव मला नकोसं झालं होतं. आमच्या वर्गात कारखान्यातल्या साहेबांच्या मुली होत्या, बँकेतल्यांच्या होत्या, आणि मुली कशावरून हसतील याचा नेम नसे. मंगळवारी मी शाळेतून मुद्दाम उशिरा येऊ लागले. कवडीबाय त्यामुळे कधी कधी थांबून राही, कधी मायजवळ काही तरी ठेवून जाई. तिने एकदा मायला विचारलं होतं म्हणे, की पोर रुसलीय का. माय म्हणाली, अभ्यास वाढला.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकती उघडली होती. मंगळवारच होता. माय त्या दिवशी मनोरला ओळखीतल्या एका लग्नाला गेली होती आणि खोलीला कुलूप होतं. कवडीबाय एरवी सुकीच मासळी आणायची, पण वर्षातून एकदा, नातवाच्या बोटीला चांगली मासळी लागली की, ती माझ्यासाठी एक मोठं पापलेट केळीच्या पानात गुंडाळून आणायची. ते विकायचं नसे. कुलूप पाहून ती थांबली असती तर पापलेट खराब झालं असतं, म्हणून ती विचारत विचारत शाळेत आली. शिपायाने तिला फाटकावर थांबवायला हवं होतं. पण तिच्यापुढे तो काय टिकणार. चौथा तास चालू होता, मराठीचा. दारात शिपाई आणि त्याच्या मागे ती उभी राहिली, हातात पानाची पुडी.

"बाई, ही म्हणते कवडी नावाची मुलगी आहे इथं," शिपाई म्हणाला.

वर्ग हसला. बाईंनी टेबलावर डस्टर आपटलं. "कवडी? अशी कुणी नाही इथं. कुणाची मुलगी?"

"इंगळ्यांची, सालवडची," कवडीबाय म्हणाली. तिची नजर बाकांवरून फिरत होती आणि मी तिसऱ्या बाकावर मान खाली घालून बसले होते. ताज्या माशाचा वास आत आला. कुणी तरी नाकाला रुमाल लावला.

बाई माझ्याकडे वळल्या. "इंगळे, तुझ्याकडे आल्यात का या? ओळखतेस?"

मी उभी राहिले. मी खोटं बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं. मी म्हणाले, "नाही बाई. माझं नाव ज्योत्स्ना."

तेव्हा तिने मला नीट पाहिलं. माझ्याकडे बघायची तिची एक ठरलेली पद्धत होती, हनुवटी धरून, उजेडाकडे वळवून; तिथून दारातून तिला तसं करता येत नव्हतं, एवढाच फरक. बाईंनी तिला विचारलं, "ही का तुमची मुलगी?"

"नाय बाय," ती म्हणाली. "ही नाय. माजीच चूक झाली. दुसरी शाला असंल."

आणि ती गेली. बाईंनी कविता जिथे सोडली होती तिथून पुढे सुरू केली. दुसऱ्या दिवशी शिपाई चहावाल्याला सांगत होता, की असं पापलेट त्याने आयुष्यात खाल्लं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मायला आधी काळजी वाटली, मग तिने दुसऱ्या एका कोळणीला विचारलं. कवडीबायला काही झालं नव्हतं. ती आता पालघरच्या बाजारात बसायला लागली होती. "एवढा लांब काहून जाते ही?" माय म्हणाली आणि बोलता बोलता तिने माझ्याकडे पाहिलं. मी भाकरी खात होते. मला वाटतं, त्या आधीच तिला संशय आला असावा, कारण शाळेतल्या गोष्टी चाळीत यायला वेळ लागत नाही. मी सगळं सांगून टाकलं. सांगताना मी रडले नाही; असं काही तरी सांगताना आपण रडू असं मला वाटत होतं, पण रडू आलं नाही.

मायने मला मारलं नाही. तव्यावरची भाकरी करपली तरी तिने ती उलटली नाही. मग म्हणाली, "तिनं ओळख दाखोली असती तर त्या वर्गात तुह्यं काय झालं असतं? दोनदा वाचोलं तिनं तुले." आणि तवा उतरवून ठेवला. त्या दिवशी पुढच्या भाकऱ्या झाल्याच नाहीत. बाबांना तिने रात्रपाळीहून आल्यावर सांगितलं. बाबा म्हणाले, "चांगलं नाही झालं. पन कधी ना कधी हे सुटाचंच होतं. पोरगी मोठी झाली आता." माय त्यांच्याशी त्यानंतर कामापुरतं बोलत होती. जेवायला वाढायची, कपडे काढून ठेवायची, पण बोलायची नाही. आमची खोली दहा बाय बाराची होती, आणि एवढ्याशा जागेत दोन माणसं बोलायची थांबली की भांड्यांचे आवाज फार मोठे होतात.

असे तीन-चार आठवडे गेले. मग एका दुपारी बाबा पहिल्या पाळीवरून आले, चप्पल काढून नेहमीसारखे नळावर न जाता सरळ आत येऊन बसले. कारखान्यात त्या आठवड्यात उत्तर प्रदेशातून नवीन माणसं भरती झाली होती. बाबा फाटकावर त्यांची नावं लिहून घेत होते.

"एक मानूस आला," बाबा म्हणाले. ते आमच्यापैकी कुणाकडे बघत नव्हते. "चाळिशीचा असंन. म्या इचारलं, नाम? म्हने, घुरहू. म्या कदी आयकलं नोतं. म्हनलं, इसका मतलब? तं हासला. म्हने, बाबूजी, घूर मतलब जहाँ गोबर-कचरा फेंकते हैं. हमसे पहले के तीन नहीं बचे, तो माँ ने हमको घूर पर लिटा दिया. तब बचे."

माय भांडी घासायची थांबली.

"मांगचे लोक खदाखदा हासले," बाबा म्हणाले. "त्यो बी हासला. म्हने, हँसो, पर माँ का रखा नाम है. मस्टरवर साफ लिखना, बाबूजी." ते थांबले. मग मला म्हणाले, "तुले माहीत नाही. माह्यं नाव उत्तम नाही. उकर्डा हाय. माह्या मायचे चार गेले. मले बी उकिरड्यावरच टाकलं होतं. आत्यानं उचलून आनलं आन् म्हनली, सापडलं." त्यांनी हाताने गुडघ्यावरची नसलेली धूळ झटकली. "शाळेत मले कचरा म्हनत. म्या ठरोलं होतं का माह्या पोरीले असं नाव लागू द्याचं नाही. माह्या मायनं कायले ठेवलं असंन, ते मात्र म्या कदी इचारातच घेतलं नाही."

माय उठली, तिने चहा टाकला आणि कितीतरी दिवसांनी त्यांना विचारलं, "साखर कमी टाकू का?"

रविवारी बाबा मला घेऊन निघाले. मायला म्हणाले, चल. ती म्हणाली, "चौदा वर्स तिच्याशी खोटं बोलली मी. माह्यं तोंड नाही." तिने तिळाच्या पोळ्यांचा डबा दिला. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. तारापूरला एसटीतून उतरून आम्ही चालत वस्तीत गेलो. थंडीचे दिवस होते आणि किनाऱ्यालगत बांबूंच्या उंच वलांडींवर बोंबील वाळत टाकले होते, दोन-दोन, जबड्यात जबडा अडकवून, रांगाच्या रांगा. वाऱ्याने ते एकमेकांवर आपटून कागदासारखा आवाज करत. त्या वासाची मला एवढी सवय होती, पण तो इतका, सगळीकडे भरून राहिलेला, मी पहिल्यांदाच घेत होते.

कवडीबाय एका वलांडीखाली बसून पाटीतल्या बोंबलांच्या जोड्या लावत होती आणि तिची सून त्या वर टांगत होती. आम्हाला पाहून ती उठली नाही. "या भाऊ," म्हणाली. "बसा. खाली रेती हाय."

बाबा इस्त्रीच्या कपड्यांनिशी वाळूत बसले. डबा पुढे ठेवला. मग एकदम म्हणाले, "कवडीबाई, माझं नाव उकर्डा आहे. उकर्डा महादू इंगळे." परक्या माणसाशी बोलताना ते शुद्ध बोलत, तसं बोलले.

"म्हंजे?" तिने विचारलं.

त्यांनी सांगितलं. चार भावंडं, उकिरडा, आत्या, सगळं. ती जोड्या लावत ऐकत होती. सांगून झाल्यावर म्हणाली, "मंग तुमाला तरी कलाला पायजे व्हता."

"हो," बाबा म्हणाले. "कळायला पाहिजे होतं."

मी शाळेतलं बोलायला तोंड उघडलं. रात्रभर मी वाक्यं जुळवली होती. तिने हात वर करून मला थांबवलं. "ऱ्हावंदे. तुजा शालेतला नाव मना पयल्यापासून ठावा हाय. तुमच्या शेजारनीनं कवाच सांगलेला. पन माज्या तोंडात कवडीच येतेय. तू मंगलवारी हाकंला ओ देत व्हतीस, मना तेवढा पुरे व्हता." तिने पुढची जोडी घेतली. "नाव कशाला ठेवलेला? पोर जगाला पायजे म्हून. जगली. आता नावाचा काय काम?"

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मी माफी मागू शकले असते. काय करावं कळेना म्हणून मी तिच्या शेजारी बसले आणि पाटीतले बोंबील घेऊन जोड्या लावू लागले. पहिल्या दोन-तीन सुटून पडल्या. तिने माझा हात धरून दाखवलं, जबडा कसा उघडायचा, दुसरा आत कसा सरकवायचा. मग जमायला लागलं. बाबा समुद्राकडे तोंड करून बसले होते.

सुनेने वरून विचारलं, "ही कोन गो, आये?"

मी थांबले. मला वाटलं, आता ती कवडी म्हणेल.

"ही? सालवडच्या इंगळ्यांची पोर," कवडीबाय म्हणाली. "जोसना."

त्याच्या पुढच्या मंगळवारपासून ती पुन्हा सालवडला येऊ लागली आणि पाटी डोक्यावर घेता येत होती तोवर येत राहिली. बाबा घरी असले की दारात जाऊन 'या कवडीबाई' म्हणत आणि पाटी उतरवायला हात लावत. मायने तिला कधी काही समजावलं नाही, तिनेही कधी काही काढलं नाही. पाणी मागायची, बोंबलाचा ठेचा खायची, मी कॉलेजात गेले तेव्हा कुठे जाते, कशाने जाते हे सगळं विचारायची. फक्त हाक मारायची ती "जोसना, पाणी आन गो" अशी. तिने मला पुन्हा कवडी म्हटलं नाही, आणि म्हण असं सांगायचं धैर्य मला कधी झालं नाही. त्या हाकेला ओ द्यायला मला दर वेळी किंचित उशीर व्हायचा. तो तिच्या लक्षात येत असावा, कारण ती दुसऱ्यांदा हाक मारत नसे. दारात पाटी धरून वाट बघत उभी राही.